गिरिजाबाईची जमानत

आरोपींची चौकशी करून कोर्टाला अहवाल देणारी परिविक्षा अधिकारी म्हणून बेबीनंदा जालन्याच्या कोर्टात रुजू झाली, ते त्र्याहत्तरच्या दुष्काळाचं साल. पिंपळगाव रेणुकाईत तिच्या वडिलांना, पुंजारामला, लेकीच्या हुद्द्याचं नाव घेता येत नसे. ते गावात सांगत, आमची पोरगी लोकांना सोडवायचं काम करते. नागपूरला समाजकार्याचं शिक्षण घेतलेल्या बेबीनंदाचाही तेव्हा तोच समज होता.

उन्हाळ्यात दुष्काळी कामं बघायला मंत्री यायचे होते. त्याआधी पोलिसांनी शहरातले भिकारी उचलले. त्यांत धावडा गावची गिरिजाबाई होती, आणि तिची सहा वर्षांची दुर्गा. नवरा वारलेला. गावाजवळचं खडी फोडायचं काम बंद पडलं म्हणून ती पोरीला घेऊन शहरात आली होती. जेठमल शेठच्या आडतीसमोर त्यांची बायको पानबाई रोज दुपारी खिचडी वाटायची. पोलीस आले तेव्हा मायलेकी तिथंच पंगतीत होत्या.

भीक मागणं कायद्यानं गुन्हा होता. बाई खरंच भिकारी आहे का, याच्या चौकशीचा अहवाल लिहायचं काम बेबीनंदाकडे आलं. गिरिजाबाई तिला एवढंच म्हणाली, "मी कुठं मागून राह्यले व्हते? शेठाणीनं वाढलं, मी जेवून राह्यले व्हते."

बेबीनंदानं तसंच लिहिलं. बाई कष्टकरी आहे, काम बंद पडल्यानं आली, सोडून द्यावी. मॅजिस्ट्रेट वयस्कर होते, माणूस वाईट नव्हता. त्यांनी अहवाल दोनदा वाचला आणि चष्मा काढला.

"ही भिकारी नाही म्हणता. मग सोडली तर आज संध्याकाळी ही कुठं जेवणार, तेवढं सांगा."

 मी माझ्या खोलीवर नेते, असं बेबीनंदा म्हणाली. त्यावर त्यांनी समजावलं की सरकारी नोकराला जामीन राहता येत नाही, आणि आपल्याच चौकशीतल्या बाईला तर मुळीच नाही. बाहेरचा कोणी ऐपतदार माणूस लिहून देत असेल तर बघू. त्यांनी पुढची तारीख दिली.

ती जेठमल शेठकडे गेली. पानबाईनं तिला आत बसवून पाणी दिलं. पण आडतीसमोरची चूल विझलेली होती. तुमच्या खिचडीनं भिकारी गोळा होतात, असं पोलिसांनी शेठना सांगितलं होतं, तेव्हापासून वाटप बंद होतं. शेठनी हात जोडले. कोर्टाच्या कागदावर नाव नको, धर्म करायला गेलो तर हे, असं ते म्हणाले. पानबाई दारापर्यंत सोडायला आली. मग गिरिजाबाईला काम मिळतं का, ते बघायला बेबीनंदा दुष्काळी कामाच्या कचेरीत गेली. तिथं सांगितलं, बाईनं तलाठ्याचा दाखला घेऊन स्वतः हजर राहावं. बाई तर कोठडीत होती.

तारखेला गिरिजाबाईला एक वर्षासाठी लांबच्या भिक्षेकरी गृहात पाठवायचा हुकूम झाला. पाच वर्षांवरच्या मुलांना तिथं आईबरोबर ठेवत नसत. दुर्गाला दुसऱ्या जिल्ह्यातल्या बालगृहात द्यावं, अशी शिफारस बेबीनंदालाच लिहावी लागली. न लिहिली असती तर पोर पोलीस चौकीत पडून राहिली असती. पोरीला नेताना गिरिजाबाईनं बेबीनंदाचा पदर धरला.

"बाई, माही लेक कवा भेटंल?"

"वर्षभराची गोष्ट आहे," बेबीनंदा म्हणाली. तिला तसंच वाटत होतं.

वर्षानं गिरिजाबाई सुटून आली ती सरळ कोर्टात. बेबीनंदानं खटपट करून तिला रस्त्याच्या कामावर लावलं आणि मुलीचा ताबा मागणारा अर्ज केला. तेव्हा कळलं की आईची सजा वर्षाची असली, तरी मुलगी सरकारच्या ताब्यात अठराव्या वर्षापर्यंत होती. परत हवी तर आईकडे राहतं घर आणि कायम उत्पन्न आहे असा अहवाल पाहिजे. गिरिजाबाई धावड्याला बहिणीच्या पडवीत राहत होती. बेबीनंदानं बहिणीची माया लिहिली, गिरिजाबाईची मेहनत लिहिली. वरिष्ठांनी अहवाल परत पाठवला. भावना नकोत, वस्तुस्थिती लिहा, असा शेरा होता. दुसरा अहवाल गेला, तोवर पाऊस लागून रस्त्याचं काम थांबलं होतं. उत्पन्नाच्या जागी लिहायला काही उरलं नाही.

असं करता करता अजून दोन वर्षं गेली. शेवटी फक्त भेटीची परवानगी मिळाली. बेबीनंदा गिरिजाबाईला घेऊन एसटीनं बालगृहाला गेली. दुर्गा समोर आली. निळा फ्रॉक, तेल लावून घट्ट घातलेल्या वेण्या. गिरिजाबाईनं पोटाशी धरलं तर ती ताठ उभी राहिली. मग बेबीनंदाकडे बघून तिनं विचारलं, "मला ह्यांच्याबरोबर जावं लागेल का?"

गिरिजाबाईनं हात काढून घेतले. सोबत आणलेले मुरमुऱ्याचे लाडू तिथल्या बाईंकडे दिले आणि उठली.

 परतीच्या गाडीत ती म्हणाली, "बाई, आता कागद करू नका. ऱ्हाऊ द्या तिथंच."

"का? अजून एकदा लिहून बघू."

"मंग काय व्हईल? ती जेवून राह्यली, लिहून राह्यली. मला तर वळखून बी न्हाई राह्यली."

 

दुसऱ्या दिवशी कचेरीत बेबीनंदाला प्रकरण बंद करण्याचं कारण लिहायचं होतं. ठरलेल्या कारणांपैकी एकच लागू पडत होतं. 'आईने स्वेच्छेने मुलीचा ताबा नाकारला आहे.' ते खोटं नव्हतं. खरंही नव्हतं. तिनं ते लिहून सही केली.

वरिष्ठांनी पहिल्यांदाच तिचा अहवाल शेऱ्याशिवाय मंजूर केला. गिरिजाबाई त्या दिवाळीनंतर कुठल्याशा वीटभट्टीवर गेली, अशी खबर धावड्याहून आली. भट्टी कुठली, ते बहिणीलाही ठाऊक नव्हतं.