तांब्याची उलटी रेघ

शेठ तोट्यात आहे हे घरात सर्वांत आधी आईला कळायचं, आणि तेही जेवणाच्या टेबलावर.

"आई, आजची भाजी काय झालीय! तुझ्या हाताला चव आहे बघ."

आईने झाकण खाली ठेवलं आणि तो माडीवर जाईपर्यंत थांबली. मग मोठ्या सुनेला, म्हणजे शेठच्या वहिनीला म्हणाली, "बुडतोय गं हा."

'शेठ' हे टोपणनाव घरच्यांनी काही कौतुकाने ठेवलेलं नव्हतं. विम्याच्या कंपनीतली नोकरी सोडून तो माडीवरच्या मागच्या खोलीत दोन स्क्रीन मांडून तांब्याचे वायदे करत होता. तांबं घरात कधी येत नसे. भाव वाढेल असं वाटलं की घ्यायचं, त्याच दिवशी विकायचं, मधला फरक आपला. फरक उलटा पडला तर तोही आपलाच. थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, अट घातली होती. खात्यातला तिसरा हिस्सा बुडाला की खोली रिकामी करायची. मग तिथे दादाच्या दुकानातले रंगाचे डबे येणार आणि शेठ दुकानात गल्ल्यामागे बसणार. शेठला रंगाचा वास सोसत नसे, आणि दादाचा उपदेश त्याहून नाही.

वहिनीची आज सुट्टी होती. ती चहा घेऊन वर गेली. स्क्रीनवरची रेघ डावीकडून उजवीकडे पायऱ्या उतरल्यासारखी खाली येत होती.

"स्टॉपलॉस कुठे लावलाय, भावजी?"

स्टॉपलॉस म्हणजे भाव ठरलेल्या पातळीखाली गेला की सौदा आपोआप तोडणारी ऑर्डर. सकाळी घेताना शेठने ती शहाण्यासारखी लावली होती.

"आहे की. जरा खाली घेतला, एवढंच."

"सरकवला?"

"सरकवला नाही, वहिनी. सौद्याला श्वास घ्यायला जागा दिली."

"कितव्यांदा?"

शेठने चहाचा घोट घेतला. "चहा फार छान झालाय."

वहिनीला उत्तर मिळालं. "आणि आता?"

"आता आणखी थोडं घेतो. स्वस्तात मिळतंय. म्हणजे माझा सरासरी भाव खाली येईल आणि जरा वर आलं की सुटलो."

"आणि जरा खाली गेलं की?"

"तुम्ही दादाच्या बाजूने आहात."

"मी कुणाच्याच बाजूने नाही. तिसऱ्या हिश्शापर्यंत किती जागा उरलीय ते विचारतेय."

शेठने अंगठा आणि तर्जनी यांच्यात फट दाखवली. फटीतून उजेड जेमतेम येत होता. मग तो तोंडावर पाणी मारायला गेला. भाव पडायला लागला की तो दर थोड्या वेळाने तोंड धुऊन यायचा, जणू दोष त्याच्या तोंडाचाच होता.

वहिनी औषधं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करत असे. तिथे तपासायला आलेल्या नमुन्यावर कंपनीचं नाव नसे, नुसता क्रमांक असे. नाव दिसलं की चांगला प्रामाणिक माणूसही त्याला हवं तेच बघतो. शेठच्या तांब्यावर शेठचं नाव होतं, अडचण तेवढीच होती. तिने खालून आपल्या पिशवीतला ट्रेसिंग पेपर आणला, स्क्रीनवर धरला, मऊ पेन्सिलीने ती रेघ हलकेच गिरवली आणि कागद घेऊन खाली गेली. तिथे तिने तो खालची कड वर येईल असा पालथा केला. डावं-उजवं जागच्या जागी राहिलं आणि उतरणीची चढण झाली. मागच्या बाजूने उमटलेली रेघ तिने पेनने ठळक केली.

शेठ जिन्यावरून डोकावला तेव्हा ती आईला कागद दाखवत होती.

"हे काय?"

"आमच्या ऑफिसातली एक जण सध्या वायद्यात पडलीय. भाव उतरला की स्वस्तात घेऊन द्यायचं, म्हणून तिने आधीच विकून ठेवलंय. आणि भाव असा चाललाय. घाबरून मला विचारतेय. मला काय कळतंय यातलं?"

शेठच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदाच तजेला आला. तो दोन-दोन पायऱ्या गाळत खाली उतरला.

"द्या इकडे. अरे देवा! ही चढण बघा. कुठे दम लागलाय का तिला? आणि ही बाई विकून बसलीय?"

"ती म्हणते, आता वळेल."

"का वळेल? हिने विकलंय म्हणून? बाजाराला हिचा पत्ता ठाऊक आहे?"

आई म्हणाली, "ती बिचारी आणखी विकायचं म्हणतेय. सरासरीसाठी."

वहिनीने चमकून सासूकडे बघितलं. हे दोघींचं ठरलेलं नव्हतं.

"आणखी?" शेठ ओरडला. "डोकं फिरलंय का तिचं? खिसा फाटला की आधी शिवायचा का आणखी चिल्लर भरायची? सांगा तिला, आत्ताच्या आत्ता बाहेर पड म्हणावं. पहिला तोटा सर्वांत स्वस्त असतो. आज थोडं हरलीस तर उद्या खेळायला तरी उरशील!"

"एवढं स्पष्ट सांगू?"

"माझं नाव घेऊन सांगा."

वहिनी त्याच्या हातातला कागद घेऊन वर गेली. शेठ सल्ला देत मागोमाग आणि आई गुडघ्यांवर हात टेकत त्याच्या मागे. वहिनीने कागद पुन्हा वरची कड खाली घेत पालथा केला आणि स्क्रीनवर टेकवला. रेघेवर रेघ बसली. फक्त शेवटचा तुकडा कागदावर नव्हता. मधल्या वेळात तांबं आणखी थोडं उतरलं होतं.

शेठने कागद उचलून पाहिला, पुन्हा टेकवला.

"हे वेगळं आहे," तो म्हणाला.

"कसं?"

"तिला अनुभव नाही."

"ती नाहीच आहे, भावजी."

"अरे, आत्ता एवढा तोंड फाडून ओरडलास तिच्यावर," आई म्हणाली. "नसलेल्या बाईला अक्कल शिकवलीस, आता आहे त्याला शिकव."

शेठने खुर्ची ओढली. माउसवर हात ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. "एक पाच मिनिटं..." त्याने मागे बघितलं. दोघी दारात भिंतीसारख्या उभ्या होत्या. त्याने सौदा तोडला. तिसऱ्या हिश्शाची रेषा अजून खाली होती, अगदी जवळ, पण खाली.

खोली वाचली होती. तेवढ्यात जेवायला घरी आलेला दादा वर आला आणि सर्वांच्या खांद्यांवरून स्क्रीनकडे बघत म्हणाला, "वर चाललंय की."

खरंच वर चाललं होतं. रेघेने खालून अशी उसळी घेतली की शेठने विकलेला भाव मागे पडला.

"बघा!" शेठ किंचाळला. "बघा, वहिनी! आणखी थोडा थांबलो असतो तर..."

"तर तुमची सवय पक्की झाली असती," वहिनी म्हणाली. "निर्णय बरोबर होता. निकाल चुकीचा आला. असं होतं."

"परत घे की," दादा गोड आवाजात म्हणाला. "मी डब्यांच्या रॅकवाल्याला फोन करतो."

शेठचा हात माउसपर्यंत गेला. मग तो झटक्यात उठला, त्याने सर्वांना बाहेर काढलं, दाराला कुलूप लावलं आणि किल्ली दादाच्या हातात कोंबली.

"उद्या सकाळी दे. त्याआधी मी काहीही बोललो तरी देऊ नकोस."

"माझ्याकडे?" दादा चकित झाला. "आणि उद्या दिलीच नाही तर?"

"तर उद्यापासून तू दुकानातच जेव," आई म्हणाली.

वहिनीने शेठपुढे हात पसरला. "मोबाईल."

शेठने तो असा दिला, जणू बोटच कापून देतोय. चौघं खाली आले. दादाने ताट पुढे ओढलं, पहिला घास घेतला. समोर बसलेल्या शेठचा पाय टेबलाखाली हलत होता.

"दादा," तो शेवटी म्हणाला, "किल्ली दे जरा. माझा चष्मा वर राहिलाय."

दादाने घास चावून गिळला.

"तुला चष्मा कधीपासून लागला?"