वास सुटेपर्यंत

चैत्रातली सकाळ. खाडीचं पाणी नितळ, निळसर, निवांत. माडांच्या झावळ्यांतून गळणारं ऊन कोवळं, केशरी, कणाकणाने उतरणारं. वाडीच्या वाटेवर सुरंगीची झाडं बुंध्यापासून शेंड्यापर्यंत फुलांनी लगडलेली, आणि त्या पीतशुभ्र बहरावर मधमाश्यांचा अखंड, अधीर गुंजारव. आणि गंध! घराघरांत शिरणारा, विहिरीच्या काठावर रेंगाळणारा, चालत्या माणसाचं पाऊल क्षणभर अडवणारा, उन्मादक, अनावर गंध.

साऱ्या वाडीला तो येत होता. इंदुमतीला येत नव्हता.

माघात तिला ताप आला. नऊ दिवस राहिला आणि जाताना तिच्या घरातले सगळे वास घेऊन गेला. निखाऱ्यावर भाजल्या जाणाऱ्या सुक्या बांगड्याचा वास गेला. धुतलेल्या लुगड्यांचा, उन्हात तापलेल्या अंगणाचा, देवापुढच्या विझल्या वातीचा वास गेला. जीभही बधिर झाली. खोबरं चावलं काय आणि कापूस चावला काय, तोंडाला सारखंच. ती रोज सकाळी हिंगाची डबी उघडून नाकाशी धरायची, डोळे मिटायची, वाट पाहायची. मग डबी बंद करून कामाला लागायची.

हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कसं? पंचक्रोशीत तिची ओळख एकच, इंदूच्या हाताला चव आहे. नवरा गेला, मुलगा नोकरीच्या गावी रमला, शेताचा तुकडा वाटणीत आक्रसला. पण हाताची चव कोणी वाटून घेऊ शकलं नव्हतं. आता तीच गेली, आणि गेल्याचं तिला एकटीला ठाऊक होतं.

आणि आज बुधवार होता. पंगतीचा बुधवार, आणि पाळी तिची.

इंदुमती, तुळसा आणि शेवंती या तिघी एकाच वर्षी लग्न होऊन या वाडीत आल्या. तीन घरं, आणि तिन्ही घरांत नव्या सुनेच्या रांधण्याला नाकं मुरडणारी माणसं. तुळसाची सासू घास तोंडात घालण्याआधीच सुस्कारा सोडायची. शेवंतीचा सासरा ताट पुढे सारायचा. इंदुमतीची नणंद तर पाहुण्यांसमोर आमटीची नक्कल करून दाखवायची. एका दुपारी तिघी विहिरीमागे बसल्या, पदराआड आणलेलं एकमेकींपुढे उघडलं, रडत रडत जेवल्या, आणि तिथेच त्यांनी नियम केला. महिन्यातल्या एका बुधवारी, पाळीपाळीने एकीच्या घरी, तिघींनीच पंगत मांडायची. आपल्या पंगतीत कोणी कोणाच्या हाताला नाव ठेवायचं नाही. पानात पडेल ते गोड मानायचं, आणि पान पुसून उठायचं.

अठ्ठावीस वर्षं तो नियम पाळला गेला. शेवंतीची करपलेली खीर पाळली गेली, तुळसाचे दगडासारखे वडे पाळले गेले. चेष्टा व्हायची, नाही असं नाही. पण ती पुढच्या वर्षी, पचल्यावर.

माघातली इंदुमतीची पाळी तिच्या तापात टळली. फाल्गुनात तुळसा टायफॉइडने अंथरुणाला खिळली आणि पंगतच थांबली. त्या दिवसांत इंदुमती तिच्या उशाशी जाऊन बसायची, शेवंतीही यायची, आणि इंदुमती हळूच म्हणायची, "विसारलंय गे, तुजी मुगाची आमटी परत सांग." दोघी हसत. इंदू आणि विसरली! पण सांगत. सोप्या, चार ओळींच्या पाककृती. मूग मोड काढून घे. कांदा चिरून घे. खोबरं भाज, वाट, लाव. घरी येऊन ती त्या वहीत उतरवायची. आयुष्यात पहिल्यांदा चमचा, वाटी, पेला असं माप लिहायची. आणि प्रत्येक पाककृतीत एक ओळ हटकून यायचीच: वास सुटेपर्यंत परत. वास सुटेपर्यंत भाज. वास सुटेपर्यंत झाकण काढू नको. त्या ओळीपाशी तिची पेन्सिल थांबायची. पुढचं सगळं तिला दिसत होतं, पण वाट तिथेच बंद होती.

तिने अंदाज बांधले. साठ आकडे मोजले की कांदा झाला. खोबरं बदामी दिसलं की उतरायचं. डोळ्यांना नाकाची कामं लावली, कानांना जिभेची. काल संध्याकाळी असंच डोळ्यांनी पारखत भाजलेलं खोबरं वाटून तिने ते वाटप फ्रिजमध्ये ठेवलं. रात्री वीज गेली ती पहाटेच आली. पूर्वीची इंदुमती सकाळी त्या भांड्यावर नुसती वाकली असती आणि एका श्वासात निकाल लागला असता. आजची इंदुमती वाकली, तिने पाहिलं, रंग ठीक होता. अर्धं वाटप तिने आमटीला लावलं आणि उरलेलं तसंच ओट्यावर ठेवलं. उकळी आली तेव्हा रस जरासा फुटला. पाणी एकीकडे, चोथा एकीकडे. तिने पळीने ढवळून पाहिलं. मग तिने स्वतःची समजूत घातली, आच मोठी झाली असेल.

ऊन माथ्यावर आलं तशा दोघी आल्या. पुढे शेवंती, दणकट, दणदणीत, हातात सुरंगीचा वळेसर, दोऱ्यात दाट ओवलेला गजरा. मागे तुळसा, काठी झालेली, गालफडं बसलेली, पण नवं लुगडं नेसलेली. आजारानंतर ती पहिल्यांदाच उंबरा ओलांडून कोणाकडे जेवायला निघाली होती.

"डाक्तर म्हणालो, आता आमटी-भात चलात," तुळसा म्हणाली. "मिया म्हटलंय, पयलो घास इंदूच्या हातचोच."

शेवंतीने वळेसर इंदुमतीच्या अंबाड्यात माळला. आठ वर्षांपूर्वी नवरा गेला तेव्हाही तिने इंदुमतीला फुलं सोडू दिली नव्हती. इंदुमतीने एक फूल खुडून नाकाशी नेलं, डोळे मिटले, मोजून तीन श्वास घेतले. "काय वास सुटलो हा गे," ती म्हणाली. खोटं किती गुळगुळीत निघालं, याची तिला स्वतःलाच भीती वाटली.

केळीची पानं मांडली. हिरवीगार, ओलसर, उन्हाच्या तिरिपेत झळाळणारी. त्यांवर उकड्या तांदळाचा लालसर भात, भातावर आमटी, कडेला लोणच्याची फोड. आधी जेवू घालून मग जेवायचं, ही यजमानणीची रीत. म्हणून इंदुमती समोर बसून राहिली. हात मांडीवर, नजर दोघींच्या बोटांवर.

तुळसाने घास घेतला. जबडा हलला, थांबला, पुन्हा हलला. गळ्याची शीर ताणली गेली आणि घास खाली उतरला. ती हसली.

शेवंतीने घास घेतला. लगेच लोणच्याला बोट लावलं. लगेच पाणी प्यायली.

माशी घोंगावली, परसात फणसाचं पान गळलं, भिंतीवरचं घड्याळ टिकटिकत राहिलं. दोन चेहरे, दोन्ही हसरे, दोन्ही बंद. ज्या नियमाने तिला अठ्ठावीस वर्षं सावली दिली, तोच आज तिच्यासमोर भिंतीसारखा उभा होता. विचारून उपयोग नव्हता. बरंच आहे, असंच त्या म्हणणार होत्या.

तुळसाने दुसरा घास घेतला. तिसरा घेतला.

"आमटी आणतंय," म्हणून इंदुमती उठली. तिला फक्त त्या चेहऱ्यांपासून दूर जायचं होतं.

स्वयंपाकघरात ओट्यावर उन्हाचा पट्टा पडला होता, आणि पट्ट्यात ते भांडं होतं. सकाळी उरलेलं वाटप फुगून काठापर्यंत आलं होतं. त्यावर बारीक बारीक बुडबुडे उठत होते, फुटत होते, पुन्हा उठत होते. तिने चमचा घातला. वाटपाने तार धरली.

विटलं होतं. सकाळीच विटलं होतं. त्याचीच आमटी होऊन बाहेर पानात पडली होती, आणि टायफॉइडमधून नुकती उठलेली तुळसा, आतडी अजून कोवळ्या सालीसारखी नाजूक असलेली तुळसा, पान पुसायला निघाली होती.

इंदुमतीने चमचा खाली ठेवला. क्षणभर, अगदी क्षणभर, तिच्या मनात आलं की गप्प बसावं. दोन घास तर उरले असतील. काही होणारही नाही कदाचित. आणि सांगितलं तर? सांगितलं की सगळं गेलं. उद्या वाडीत कळेल, परवा बाजारात. इंदूकडे जेवू नका, तिला कळत नाही. बुधवार येतील आणि तिच्या दारावरून पुढे जातील. या घरात मग ती आणि तिचा बिनवासाचा भात, एवढंच उरेल.

"इंदू, भात पण हाड गे थोडो," बाहेरून तुळसाचा आवाज आला. पातळ, प्रेमळ, थकलेला. जेवण आवडलंय हे दाखवण्यासाठी ती आणखी मागत होती.

इंदुमती धावली. तुळसाचा हात तोंडाकडे निघाला होता. तिने तो मनगटाशी धरला, घास खाली पाडला आणि तिच्या पुढचं पान खस्सकन ओढून घेतलं. भात जमिनीवर सांडला.

"उठ गे. जेव नको. उठ पानावरसून!"

भरल्या पानावरून माणसाला उठवणं! वैऱ्यालाही कोणी करत नाही ते तिने सखीला केलं होतं. शेवंतीचा हात पाण्याच्या तांब्यावर थिजला.

"याड लागला काय तुका?"

"वाटप विटला हा." इंदुमतीचा आवाज तिचा राहिला नव्हता. "माका कळाक नाय. माका वास येणा नाय. चव कळणा नाय. माघापासून."

मग ती तिथेच, सांडलेल्या भाताशेजारी, मटकन बसली. सुरंगीचा वळेसर अंबाड्यातून निसटून मांडीवर पडला. ती रडली नाही. शिक्षा ऐकायला बसावं तशी बसली.

आधी फुटली ती शेवंती. "दोन म्हयने! दोन म्हयने आमका सांगलंस नाय? आमी काय परकी?"

"सांगल्यावर माज्या हातचा कोण खायत?"

शेवंती भिंतीकडे बघू लागली. तुळसाने पदराने तोंड पुसलं.

"मिया पयल्या घासाकच वळाखलंय," ती म्हणाली.

"मगे गिळलंस कित्याक?" इंदुमती ओरडलीच. "मरूचा होता काय तुका?"

"तुजा त्वांड बघून गिळलंय."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. एकीने लाज राखण्यासाठी वाढलं होतं, दुसरीने माया राखण्यासाठी गिळलं होतं. आणि दोघींच्या मधोमध, केळीच्या हिरव्या पानावर, ती फुटलेली आमटी निवत होती. शेवंती उठली. तिने तुळसाला परसात नेलं, मिठाचं कोमट पाणी पाजलं, पाठीवरून हात फिरवत घास बाहेर काढायला लावले. मग पातेलं उचललं आणि आमटी माडाच्या बुंध्याशी ओतली.

इंदुमती आतून ते आवाज ऐकत होती. आता चपला वाजतील, मग फाटक वाजेल, आणि मग काहीच वाजणार नाही, असं तिला वाटत होतं.

चपला वाजल्या नाहीत. तुळसा भिंतीला धरून धरून आत आली, घामेजलेली, पांढरीफटक. आणि आपल्याच जागेवर, आपल्याच पाटावर, पुन्हा मांडी घालून बसली.

"भूक लागली हा माका. काय्येक कर. पण तूच कर."

इंदुमती उठली. काय करणार? हाताशी होता तो साधा भात. तिने तो टोपात घेतला, पाणी घातलं, चूल पुन्हा पेटवली. पाणी रटरटलं, शितं फुलली, विरघळली, पेज लालसर झाली, दाट झाली. ना फोडणी, ना वाटप, ना मसाला. फक्त तांदूळ, पाणी आणि मीठ. ती मिठाच्या बरणीपाशी किती तरी वेळ उभी राहिली. जुन्या सवयीने तीन बोटं आत गेली. किती आलं ते तिला कळलं नाही. तिने डोळे मिटून ते टाकलं.

तिने वाटी तुळसासमोर ठेवली. तुळसाने फुंकर घातली. घोट घेतला. तो तोंडात घोळवला. शेवंती पुढे झुकली.

तुळसाने वाटी खाली ठेवली, कपाळाला आठी घातली आणि स्पष्ट, खणखणीत सांगितलं.

"मीठ कमी आसा गे."

अठ्ठावीस वर्षांत त्या पंगतीत हे वाक्य कोणी उच्चारलं नव्हतं. इंदुमती जागच्या जागी थांबली. सासरच्या उंबऱ्यावर असल्याच शब्दांनी तिला कितीदा रडवलं होतं. आज ते शब्द ऐकले आणि दोन महिने अडलेलं पाणी डोळ्यांतून घळाघळा वाहिलं. ती हसत होती, रडत होती, नाक पदराला पुसत होती. तशीच आत गेली आणि बरणीच घेऊन आली.

ती तुळसासमोर गुडघे टेकून बसली. चिमूट सोडली, तुळसाने चाखलं, मान हलवली, नाही. पुन्हा चिमूट सोडली. पुन्हा चाखलं, पुन्हा नाही. शेवंती शेजारी सरकली, तिनेही वाटीत बोट बुडवलं. बाहेर उन्हं कलत होती. वाटीतून वाफ उठत होती, शुभ्र, संथ, सरळ. आणि त्या वाफेत इंदुमतीची तीन बोटं थांबली होती, कणाकणाने मीठ सोडत, समोरच्या दोन चेहऱ्यांकडे बघत, त्या 'पुरे' म्हणेपर्यंत.