हिरवा ठिपका

आमच्याकडे दात बनतात. खोटे. डॉक्टर लोक पेशंटच्या तोंडाचे ठसे पाठवतात, मी आणि मामा त्यात प्लास्टर ओततो, आणि शेजारच्या खोलीतल्या बायका त्या साच्यावर कवळी घडवतात. मधल्या भिंतीत ताटाएवढी खिडकी आहे. साचा झाला की ट्रे तिच्यातून सरकवायचा आणि भिंतीवर दोन थापा मारायच्या. पलीकडून कोणीतरी ओढून घेतं. बावीस वर्षं मामाने हेच केलं आणि बावीस वर्षांत एकाचे दात दुसऱ्याच्या तोंडात गेले नाहीत.

मामा म्हणजे माझ्या आईचा सख्खा भाऊ. मी शाळा सोडली तेव्हा घरात सगळे माझ्यावर तुटून पडले, हा एकटाच म्हणाला, "बाकावर बसवत नाही ना? मग माझ्याकडे उभं राहायचं काम आहे." झालं.

मग मालकीणबाईंचे जावई आले. तसे ते अधूनमधून जेवायला यायचे, आता सुधारणा करायला आले. जावई म्हणजे दहावा ग्रह, असं मामा म्हणतो, पण हळू आवाजात.

सोमवारी त्यांनी आम्हा अकरा जणांचे फोन गोळा केले आणि प्रत्येकात एक अॅप घातलं. आता हाका नाहीत, थापा नाहीत, जे काय ते लिहायचं. नावापुढे हिरवा ठिपका असेल तर माणूस हजर. दहा मिनिटं फोनला बोट लागलं नाही तर ठिपका राखाडी.

"आणि राखाडी म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे माणूस कामावर नाही."

"कामावरच आहे, पण हात भरलेत. मग?"

"तुझं शिक्षण किती?"

"नववी. अर्धी."

"मग जरा ऐकायला शिक."

माझं डोकं सटकलं होतं, पण मामाने मागून माझ्या चपलेवर पाय दिला. जावईबापू पुढे म्हणाले, पुढच्या महिनाअखेरीला एक माणूस कमी करायचाय. अन्याय नको म्हणून ते स्वतः ठरवणार नाहीत, त्या महिन्याचे ठिपकेच सांगतील कोण ते. बोलताना त्यांनी भिंतीकडे बघितलं. आमच्याकडे बघायला तरी काय जातं?

पहिल्या दिवशी एकशे चाळीस मेसेज आले. त्यातले सत्तर नुसते अंगठे. 'ट्रे पाठवला.' अंगठा. 'ट्रे मिळाला.' अंगठा. 'मिळाला हे पाहिलं.' अंगठा. ट्रे बिचारा खिडकीत तसाच पडून. त्याला ओढून घ्यायला कोणाचा हात मोकळा असेल तर ना!

आता प्लास्टरचं कसं असतं, एकदा पाण्यात कालवलं की ते थांबत नाही. मशीनने थरथरणाऱ्या टेबलावर ठसा धरायचा आणि एका कडेने हळूहळू सोडायचं, म्हणजे हवा निघून जाते. मधेच हात काढला की बुडबुडा बसतो. चौथ्या दिवशी मामा ओतत होता आणि फोन वाजला. जावईबापूंचा मेसेज. 'पाहिलं का?' वाजला परत. 'पाहिलं का??' मामाने हात पुसला, पाहिलं, अंगठा दिला. ती कवळी आठ दिवसांनी परत आली. म्हातारीच्या हिरडीला टोचत होती. मामाने त्या दिवशी डबा उघडलाच नाही.

"बुडबुडा माझ्या हातून?" एवढंच दोनदा म्हणाला.

त्यानंतर त्याने फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून फळीवर ठेवला आणि हात ठशावर ठेवून नाकाने दाबायला लागला. जावईबापू नाकाने कांदे सोलतात, मामा नाकाने फोन. बायका खिडकीतून बघून हसायच्या. मी नाही हसले. बावीस वर्षं काम केलेला माणूस वाकून नाकाने हजेरी लावतोय, त्यात हसायचं काय? आणि इतकं करूनही ठिपका जास्त वेळ राखाडीच. अकरा जणांत सगळ्यात राखाडी माझा मामा.

"तू आता त्याकडे बघूच नकोस," मी म्हटलं. "मी बघते."

"तुझं काम कोण करणार?"

"माझं मी बघते म्हटलं ना!"

"बरं, मिरचे. बघ काय बघायचं ते."

तेव्हापासून मी दर आठ मिनिटांनी मामाचा फोन दाबायला लागले. कालवायची, दाबायची. टेबल पुसायची, दाबायची. घास तोंडात, बोट फोनवर. दोनेक आठवड्यांनी घड्याळ बघावं लागेना, अंगठाच आपोआप उठायचा. घरी आईने मीठ मागितलं तर मी तिच्या हातावर अंगठा दाबला. ती म्हणाली, "तब्येत बरी आहे ना?" मी इतकी दमले होते की भांडलेसुद्धा नाही.

महिनाअखेरीला सगळ्यांना बाहेरच्या खोलीत उभं केलं. मालकीणबाई खुर्चीवर, जावईबापूंच्या हातात कागद. पहिला नंबर मामाचा. सगळे माझ्याकडे बघायला लागले, मी छताकडे.

"एक दिवससुद्धा खंड नाही," जावईबापू म्हणाले. मग कागदावर त्यांचं बोट थांबलं. "मागच्या बुधवारी दुपारी तुम्ही कुठे होता?"

"डोळे तपासायला गेलो होतो. अर्धी रजा घेतली होती, साहेब."

"मग सहा वाजेपर्यंत हिरवे कसे?"

मामा खरंच विचारात पडला. फोन तो फळीवरच विसरून गेला होता. आणि मी? मामा समोर नाही, हे मला दिसत होतं. पण अंगठ्याला कुठे डोळे असतात?

"आता लबाडीपण शिकलात," जावईबापू म्हणाले.

मामाची मान खाली गेली. मग मला राहवलं नाही.

"त्याला कशाला बोलता? मी दाबत होते! महिनाभर! तो हिरवा ठिपका मी होते. माणूस मोजायचाय तर साचे मोजा. बुडबुडा एकच आला, तोसुद्धा तुमच्या 'पाहिलं का'मुळे!"

मालकीणबाईंनी चष्मा काढला. एके काळी त्या स्वतः प्लास्टर ओतायच्या, हाताला अजून भेगा आहेत. त्यांनी मामाला विचारलं, "ही दाबत होती तेव्हा साचे कोण ओतत होतं?"

"मीच," मामा म्हणाला. "पण पोर हाताखाली होती."

"म्हणजे एकट्याने होतं."

मामा 'होतं' म्हणाला असता तर मी जाणार होते, 'होत नाही' म्हणाला असता तर तो.

"होतं," मी म्हटलं.

मालकीणबाईंनी जावयाकडे बघितलं. "माणूस प्लास्टरच्या खोलीतून कमी झाला. हिला बायकांच्या खोलीत बसवा. सगळ्यांचे फोन हिच्याकडे. काम करताना कोणाच्या हातात फोन नको."

जावईबापूंना ते फारच आवडलं. कल्पना आपलीच असल्यासारखे खूश झाले.

आता मी बायकांच्या खोलीत, खिडकीजवळ बसते. समोर अकरा फोन ओळीने मांडलेले. बसायला बाक आहे. लांब, लाकडी, शाळेत असतो तस्सा.

आज सकाळी भिंतीवर दोन थापा पडल्या. ट्रे सरकला. त्यामागे मामाचा पांढराफटक हात दिसला, मनगटापर्यंतच. मी ट्रे ओढून घेतला. मग मामाचा फोन उचलून त्याच्या नावाने लिहिलं, 'ट्रे पाठवला.' माझ्या फोनवर लिहिलं, 'मिळाला.' आणि उरलेल्या नऊ फोनवरून एकेक अंगठा दिला.