बाराव्या खुर्चीची परात

मी पितळेची परात बोलतेय. पण माझ्यात कधी कुणी कणीक मळली नाही. चौलच्या एका तांबटाने मला घडवलं ते आमच्या खाडीकाठच्या चर्चसाठी, माणसांचे पाय धुवायला.

ईस्टरच्या आधीच्या पवित्र गुरुवारी आमच्या गावात चर्चच्या अंगणात बारा खुर्च्या मांडतात. अकरा खुर्च्यांवर गावातले मच्छीमार बसतात. बारावी मात्र त्याची, ज्याच्याशी मच्छीमार सोसायटीच्या चेअरमनचं वर्षभरात सगळ्यात मोठं भांडण झालं. चेअरमनने गुडघे टेकून सगळ्यांचे पाय धुवायचे. येशूने शिष्यांचे धुतले, मग तू कोण टिकोजीराव लागून गेलास? हा आमच्याकडचा साधा न्याय.

इनास नऊ वर्षं चेअरमन होता. पाणी कोमट आहे का, ते तो आधी स्वतःची बोटं बुडवून बघायचा. मला तो फार आवडायचा, खोटं कशाला सांगू?

गेल्या वर्षी पलीकडच्या गावचा बुधाजी समुद्रात मोठे दिवे सोडून मासे धरू लागला. उजेडाला भुलून पिल्लंसुद्धा जाळ्यात येतात. इनासने दोनदा हात जोडून सांगितलं. तिसऱ्या वेळी त्याचं डोकं फिरलं. सकाळी सकाळी त्याने मला भिंतीवरून उतरवलं आणि लाकडाने बडवून गाव गोळा केलं. पाय धुवायची परात मी, माझा नगारा केला!

बडवत बडवतच त्याने मला होडीत घेतलं. आमची पोरं बुधाजीच्या होडीवर चढली. जाळी कापली, दिवे फोडले, खलाशांना तुडवलं. एकाचे दात फळीवर सांडले. बुधाजी आडवा आला. इनासने वल्हं उचलून त्याच्या उजव्या गुडघ्यावर घातलं. हाड मोडलेलं मी ऐकलं. बुधाजी कोसळला, तरी इनासने पुन्हा तिथेच घातलं. त्या दुसऱ्या फटक्याची मला आजही लाज वाटते.

बुधाजीने दवाखान्यात सांगितलं, होडीत घसरलो. त्याला पोलीस नकोच होते, वचपा त्याचे मुलगे काढणार होते.

तेवढ्यात पवित्र गुरुवार आला. बारावी खुर्ची कुणाची, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

“तो परगावचा. ऱ्हाऊ दे खुर्ची रिकामी,” इनासची बायको रोझारीन रडत म्हणाली. “तिकडं गेलास तर मारून टाकतील तुला.”

“पोरांना मारामारीला मीच पुढं होऊन नेलं ना? मग आता पन मीच पुढं जानार. तो चालत येऊ शकत न्हाय, परातच नेतो.”

भर दुपारी तो मला छातीशी धरून एकटाच बुधाजीच्या अंगणात शिरला. बुधाजी पडवीत खाटेवर होता. त्याचा मुलगा अल्पेश लोखंडी सळई घेऊन धावला. पहिला फटका इनासच्या खांद्यावर बसला, दुसरा माझ्यावर. मोठा पोचा पडला मला. इनासला मला ढालीसारखं वापरता आलं असतं. पण त्याने मला हळूच जमिनीवर ठेवलं. तिसरा फटका डोक्यात बसला आणि त्याचं रक्त माझ्यात टपटपलं.

“अल्प्या, बास! मरंल तो!” बुधाजी ओरडला.

बुधाजीची बायको काशी कळशी घेऊन आली. तिने माझ्यात पाणी ओतलं. पाणी लालसर झालं. इनास गुडघे टेकून उजव्या पायाकडे हात न्यायला लागला.

“त्याला हात लावू नको,” बुधाजी म्हणाला. “तो अजून ठनकतो. हा डावा घे.”

इनासने डावा पाय धुतला आणि सदऱ्याने पुसला. तिथून तो थेट पोलीस ठाण्यात गेला. मारामारीत पंधरा पोरं होती, पण त्याने नाव सांगितलं ते फक्त स्वतःचं.

केस अजून चालू आहे. इनास आता चेअरमन नाही. मी परत भिंतीवर आहे. नवा चेअरमन पियूष मला तांबटाकडे न्यायचं म्हणतो.

बाबा पियूष, माझा पोचा तसाच राहू दे. गाव पेटवायला मला पुन्हा बडवू नकोस. आणि या पवित्र गुरुवारी इनास मला मागायला आला, तर देशील ना? बुधाजीचा उजवा पाय अजून धुवायचा राहिलाय.