त म्हंजे तगडा

कट्टा गावाच्या बाजारातल्या वाचनालयात पुस्तक कसं निवडायचं, हे कोणी कोणाला शिकवलेलं नाही. शेवटचं पान उघडायचं आणि तळाला लाल पेन्सिलीनं ‘त.’ लिहिलाय का बघायचं. असला, तर पुस्तक बेलाशक घरी न्यायचं. पानांवर लाल खुणा करत वाचणारा कोणीतरी जुना, जाणता वाचक हा ‘त’ लिहून गेलाय आणि त म्हंजे तगडा, असं सगळं गाव धरून चाललं होतं. ब्लाउज शिवायला टाकणाऱ्या बायकांना सुगंधाही हेच सांगायची, “त बघून व्हर गो, वायट निघूचा नाय.”

सुगंधा शिकली सातवीपर्यंत. बाजारात तिचं शिवणाचं दुकान, आणि मशीनच्या फळीवर कापडाखाली कायम एक पुस्तक. ते बहुतेक वेळा शशी निरवडेकरांचं असायचं. या निरवडेकरांच्या एकेचाळीस रहस्यकथांचं एक अख्खं कपाट वाचनालयात होतं आणि एकेचाळीसच्या एकेचाळीस पुस्तकांवर ‘त’ होता. नवरा गेला त्या वर्षी घरात बोलायला कोणी नव्हतं. तेव्हा या माणसानं तिला रोज उद्याची वाट बघायला लावली. खुनी कोण ते कळल्याशिवाय मरायचं नाही, असं तिनं ठरवूनच टाकलं होतं. लोक देवाचे उपकार मानतात, सुगंधा निरवडेकरांचे मानायची.

वाचनालयात दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी वाचक जमायचे आणि एकेकानं आपल्या आवडत्या पुस्तकावर बोलायचं. कार्यक्रमाचं नाव ‘रसग्रहण’. नाव ठेवलं अध्यक्षांनी, म्हणजे गुरुदास मास्तरांनी. तीस वर्षं हायस्कुलात मराठी शिकवलेला माणूस. घरी, बाजारात मालवणी बोलेल, पण वाचनालयाची पायरी चढला की प्रमाण भाषेखाली उतरायचा नाही. निवृत्त कंडक्टर जयराम मागच्या खुर्चीवरून म्हणायचा, “रसाक ग्रहण लागला ता ह्याच.” सुगंधानं चार वर्षांपूर्वी यादीत नाव दिलं होतं. दर खेपेला मास्तर सांगायचे, “पुढच्या महिन्यात, बाई.” का, ते तिला ठाऊक होतं. निरवडेकरांवर बोलणार म्हटल्यावर मास्तरांच्या कपाळाला आठी पडायची.

त्या शनिवारी मास्तर उभे राहिले आणि म्हणाले, “सभासदहो, चांगल्या साहित्याला जागा नाही. तेव्हा निरवडेकरांचं कपाट रिकामं करण्याचा ठराव आहे. सोमवारी कसालहून रद्दीवाल्याचा टेम्पो येईल.”

रद्दी? ज्या माणसानं तिला जगवलं, त्याच्या पानांत आता कोणी शेंगदाणे बांधणार? सुगंधा तिसऱ्या रांगेतून उठली ती थेट टेबलापाशी गेली.

“मास्तर, ही पुस्तकां जावची नायत.”

“बाई, त्यात साहित्य म्हणून काय आहे? खून आणि पाठलाग. आणि मुळात वाचतं कोण?”

“मी वाचतंय.”

“आपण प्रमाण भाषेत बोलाल का? ही सभा आहे.” एवढं बोलून त्यांनी तिच्याकडे पाठच फिरवली. ग्रंथपाल शर्मिलानं ठरावाचा कागद पुढे केला. मास्तरांनी खिशातून लाल पेन्सिल काढली, दोन ऱ्हस्व उकार दीर्घ केले, तळाला ‘त.’ लिहिला आणि मग सही केली.

सुगंधा बघतच राहिली. तीच वळणदार शेपटी, तेच ठसठशीत टिंब! टेबलाच्या इतक्या जवळ जायची वेळ तिच्यावर आजवर कोणी आणलीच नव्हती.

“ह्यो त कसलो?” तिनं विचारलं.

“तपासले,” मास्तर म्हणाले. “जन्मभर वह्या तपासल्यात, सवय जात नाही.”

अरे देवा! म्हणजे त म्हंजे तगडा नव्हेच! सुगंधा तरातरा कपाटाकडे गेली आणि पदरात मावतील तेवढे निरवडेकर आणून तिनं टेबलावर धाडकन आपटले. एकेकाचं शेवटचं पान उघडून ती मांडत गेली.

“मगे ह्ये त कोणाचे?”

मास्तरांचा चेहरा उतरला. “मी... मी फक्त शुद्धलेखन तपासत होतो. या गृहस्थांना ऱ्हस्व-दीर्घाचं भान नाही.”

“एकेचाळीस पुस्तकां? शुद्धलेखन पयल्या पुस्तकातच कळला आसतला. फुडची चाळीस कित्याक वाचलास?”

जयराम मोठ्यानं हसला. मास्तर चिडले. “बाई, मी पुन्हा सांगतो, प्रमाण भाषेत—”

“शिरा पडो त्या प्रमाण भाषेर! माका येता त्याच भाषेत मी बोलतलंय. ह्यो माझो लेखक, त्येका रद्दीत घालूक देवचंय नाय!” तिनं ढिगातलं ‘गोदीतला पाहुणा’ उचललं आणि पानं उलटत सगळ्यांना दाखवली. “ह्या बघा. एकशे चाळीस पानापर्यंत पानापानार लाल खुणो. एकशे एकेचाळीसापासून शेवटपर्यंत एक नाय. लेखक काय मधीच शुद्ध लिवूक लागलो? चुको आसत, मी सातवी शिकलेली, माका पण दिसतत. तुमकाच दिसूक नाय, मास्तर. पेन्सिल हातात तशीच रवली आणि तुमी वाचीत सुटलास!”

शर्मिलानं वाकून पान बघितलं आणि मान हलवली. मास्तरांनी पुस्तक हातात घेतलं. एकशे एकेचाळीसावं पान ते उभ्या उभ्या वाचायला लागले, मग पान उलटून एकशे बेचाळीसावं. त्रेचाळीसाव्यावर गेले तेव्हा कोणीतरी खाकरलं.

“सुगंधा गो,” मास्तर म्हणाले, आणि सगळे ताठ बसले, कारण त्या खोलीत मास्तरांच्या तोंडून मालवणी कोणी कधी ऐकलंच नव्हतं. “माका खुनी शेवटच्या पानापर्यंत गावलो नाय गो. रातभर निजलंय नाय मी.”

“मगे माका सांगूची कसली लाज वाटत होती?”

मास्तरांनी ठरावाचा कागद उभा फाडला, आडवा फाडला. “कपाट ऱ्हवात. झाला समाधान? बस आता.”

“बसतंय कित्याक?” सुगंधानं टेबलाची कड धरली. “चार वर्सां मी बसानच काडलंय. आता तुमी बसा.”

आणि मास्तर तिसऱ्या रांगेतल्या तिच्या खुर्चीवर जाऊन बसले.