बदकांसाठी एलजी

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी नीलकंठला दवाखान्यातून बोलावणं आलं. तो पोचला तेव्हा त्याची बायको पद्मिनी वारलेली होती. अभनपूरजवळच्या एका गावी ती मावसबहिणीकडे हळदीकुंकवाला गेली होती. तलावाच्या पाळीवरून तिघी बाया चालल्या होत्या. पलीकडच्या काठावर बार झाला, बदकं उडाली आणि पद्मिनी मटकन खाली बसली. सोबतच्या दोघींना वाटलं, पाय मुरगळला.

तिच्या मानेतून काढलेली गोळी डॉक्टरांनी ट्रेमध्ये ठेवली होती. वाटाण्याएवढी. नीलकंठने ती पाहिली आणि तो बाकावर बसला तो उठेचना.

परवान्यावर शिकार चालायची तेव्हा त्याने सासऱ्यांच्या दुनळी बंदुकीने बदकं मारली होती. बदकाला चार नंबरचं काडतूस लागतं. त्यातले छर्रे ज्वारीएवढे. थोड्या अंतरावर त्यांचा जोर सरतो, मग माणसावर पडले तरी खडे टाकल्यासारखे पडतात. वाटाण्याएवढी गोळी एलजीच्या काडतुसाची. ती रानडुकरासाठी असते आणि तलाव ओलांडून जाते.

सासऱ्यांमागे ती दुनळी पद्मिनीच्या भावाकडे, चारुदत्तकडे आली होती. संक्रांतीच्या आठवडाभर आधी तो रायपूरला चौबे कॉलनीत नीलकंठच्या घरी आला होता.

"भाऊजी, बदकाले कोणतं काडतूस घेऊ?"

"कोणतंच नको. बंदी आहे. आत जाशीन."

"राजधानी झाली आता रायपूर. आमच्या ऑफिसचे साहेब सोबत आहेत, कोण पकडते? पण ते काही चिखलात उतरणार नाहीत, दुरूनच मारतीन. एलजी चालन का?"

"बदकाले एलजी? म्हैस मारून राहिला का बे? पलीकडं माणसं असतात."

"तुमचा जमाना गेला, भाऊजी."

पद्मिनी आतून हसली होती. "चारू, शिकार राहू दे, तिळाच्या वड्या खा," म्हणाली होती.

तिरडीला पुढचा खांदा चारुदत्तनेच दिला. सगळ्यांत मोठ्याने तोच रडला. अभनपूर ठाण्याच्या पोलिसांनी कागदावर 'अज्ञात शिकारी' लिहिलं.

तेरवीला पाहुणे उठून गेल्यावर नीलकंठने त्याला मागच्या अंगणात गाठलं.

"चारू, ती एलजी होती."

चारुदत्त नळाशी हात धूत होता. धूतच राहिला.

"बार मी नाही टाकला, भाऊजी. साहेबांनी टाकला."

"काडतूस कोणं दिलं?"

"मले नोकरीत पक्का करून देणार होते ते. मले काय मालूम, ताई तिकडून येईन म्हणून?"

"दुसऱ्याची ताई असती तर चाललं असतं?"

"असं काहून बोलता?"

"मग कसं बोलू? तूच सांग. तू तर शिकलेला आहेस."

चारुदत्तने नळ बंद केला. "ठाण्यात जाऊन सांगा मग. आईची एक पोट्टी गेली, पोट्टाही जाऊ द्या. साहेबाले काही होणार नाही, एवढं लक्षात ठेवा."

तेवढ्यात सासूबाई, आनंदीबाई, भिंतीला धरत धरत दारात आल्या. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं.

"जावईबापू, जेवून घ्या. चारूलेही घेऊन बसा. बहिणीच्या दुःखानं घास नाही उतरून राहिला त्याच्या गळ्याखाली."

दोघं शेजारी शेजारी बसले. आनंदीबाईंनी आधी मुलाला वाढलं, मग जावयाला. चारुदत्तने भात दोनदा घेतला. नीलकंठ त्याच्या हाताकडे पाहत होता.

साहेब चारुदत्तच्या घरी सांत्वनाला येऊन गेले. नीलकंठकडे आले नाहीत. होळीनंतर चारुदत्त नोकरीत पक्का झाला. आनंदीबाईंनी पेढे पाठवले, ते नीलकंठने गाईला घातले.

अभनपूरची बस रोज सुटते. एकदा तो पंडरीच्या बसस्टँडपर्यंत गेला, बस समोर उभी होती, आणि परत आला. ठाण्यातल्या कागदावर अजून अज्ञात शिकारीच आहेत. नीलकंठने जबाब दिलेला नाही.