दुसरं अंडं कुणी फोडलं?

"...वेनिंगच्या लग्नात अंडं दोनदा फुटलं म्हणे! एकदा नाही गं, दोनदा! आणि सगळं त्या मेल्या बोकोरमुळे. आता बघच तू, तो डानांग वर्षाच्या आत दुसरी..."

नेमकी तेवढ्यात एक मोटारसायकल फटफटत गेली आणि पुढचं वाक्य तिच्या आवाजात बुडालं.

तो 'मेला बोकोर' म्हणजे मीच. पितळेचा, रुंद तोंडाचा, काठावर वेल कोरलेला. लग्नात नवऱ्या मुलाचे पाय धुवायला फुलांचं पाणी भरतात ना, ते माझ्यात. सध्या मी बू सुकेसीच्या, म्हणजे सुकेसीबाईच्या, फुलांच्या दुकानात, सगळ्यात खालच्या फळीवर, वर्तमानपत्रात गुंडाळलेला आहे. भंगारवाला आला की त्याच्या हातगाडीवर जायचं, असं ठरलंय. बोलत होती ती समोरची बू पार्ती, नारळाच्या दुधातल्या भाताची गाडी लावते ती. सोलो शहरातल्या आमच्या गल्लीत कुठल्याही बातमीला पाय फुटतात ते तिच्याच गाडीपाशी.

म्हटलं, जाता जाता आपली बाजू सांगून जावं. मी तिथे होतो. मी पाहिलंय.

माझा जन्म जुवानाचा, समुद्रकाठच्या पितळकारांच्या आळीतला. भट्टीतून निघालो तेव्हा अगदी काळवंडलेला होतो. मग एका म्हाताऱ्या कारागिराने मला मांडीवर घेऊन घासलं, काठावर वेल कोरली, आणि उन्हात धरून म्हणाला, "वा! आता तुझ्यात बघून दाढी करावी." ते पहिलं कौतुक. नंतरचं फारसं काही आठवत नाही, कारण नंतर फारसं कुणी केलंच नाही.

बू सुकेसीच्या सासूने मला सोलोला आणलं. तेव्हापासून गल्लीतलं कुठलंही लग्न माझ्याशिवाय झालं नाही. नवरा मुलगा उजव्या पायाने अंडं फोडतो, नवरी गुडघे टेकून त्याचा पाय धुते, आणि तेव्हा सगळा मांडव गप्प होतो. पूर्वी त्या गप्प झालेल्या मांडवाची नजर माझ्यावर असायची. कधीकाळी.

मग मोगऱ्याचं राज्य आलं. खरं म्हणजे ते आधीपासूनच होतं, मला उशिरा कळलं. पहाटे ओल्या फडक्यात गुंडाळून मोगरा यायचा की बू सुकेसी त्याला "आला का गं माझा राजा" म्हणायची. मला कधी म्हणाली नाही. राजा संध्याकाळपर्यंत पिवळा पडायचा, दुसऱ्या दिवशी केरात जायचा, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा नवा राजा! मी इतकी वर्षं एकच आहे, हाच बहुतेक माझा गुन्हा. नवऱ्या मुलाच्या कट्यारीला लटकवलेल्या माळेतल्या कळ्या तर लग्नाच्या मुली टपून बसून चोरतात. कळी चोरली की आपलंही लग्न लवकर जमतं म्हणे. मला आजवर कुणी चोरलं नाही. प्रयत्नसुद्धा केला नाही कुणी.

एक वेनिंग तेवढी माझी होती. समोरच्या घरातली. चालायला लागली तशी दुकानात यायची, माझ्यात बसायची, आणि "होडी! होडी!" म्हणून डोलायची. तिच्या आजीने, आईने माझ्यातलंच पाणी वापरलं होतं. म्हणून मी धरूनच चाललो होतो, की तिच्या लग्नात माझी जागा ठरलेली.

लग्न ठरलं आणि वेनिंग दुकानात आली. नुसती आली नाही, प्रश्न घेऊन आली.

"बू, मोगरा कधी तोडलेला असेल?"

"आदल्या संध्याकाळी. कळ्याच. उमललेला देत नाही मी."

"मध्ये नकली कळ्या तर नाही ना घालणार? माझ्या मैत्रिणीच्या माळेत अर्ध्या प्लास्टिकच्या निघाल्या."

"पोरी, तुझ्या आईची वेणी मी ओवली होती. प्लास्टिक घालीन तर हात झडतील माझे."

"आणि पावसाने माल आलाच नाही तर? माळ बांधायला तुम्ही स्वतः येणार की कुणाला पाठवणार? दिवसभर टिकेल का?"

मी वरच्या फळीवरून ऐकत होतो. एका दिवसात सुकणाऱ्या त्या फुलांची केवढी चौकशी! कुठून आलात, कधी आलात, तब्येत कशी आहे. जणू मुलगी बघायलाच आलेत. मला एक प्रश्न? एक साधा, 'काय रे, बरा आहेस ना?' नाही.

तेवढ्यात फोटोवाला आला. गिलांग. केस मागे बांधलेले, गळ्यात कॅमेरा. त्या कॅमेऱ्याबद्दल मी जास्त बोलत नाही. माझ्या तोंडासमोर उभा राहून माझी जागा खाल्ली ती त्याने. गिलांगने पाय धुण्याचे शेकड्याने फोटो काढले असतील, त्यात नवरीची बोटं आहेत, नवऱ्याची टाच आहे, पाण्यावरच्या पाकळ्या आहेत. मी? मी कापलेला. कधी काठ, कधी तोही नाही.

वेनिंगने त्यालाही सोडलं नाही. (आमच्याकडे तरुणाला 'मास' म्हणतात, तरुणीला 'म्बाक'.) "मास गिलांग, तुम्ही स्वतः येणार ना? नाहीतर भलताच कुणी येईल."

"स्वतः येणार, म्बाक."

"फोटो कधी हातात? आणि कॅमेरा बंद पडला तर दुसरा आहे?"

"आहे. दोन आहेत."

दोन! एक कमी होता का?

"आणि अंडं फुटताना तुम्ही कुठे उभे असाल?"

"समोरच की! बिनघोर रहा." मग माझ्याकडे बोट दाखवून तो म्हणाला, "फक्त हे पितळ नको, म्बाक. फार चकाकतं, त्यात मीच दिसतो. काचेचं भांडं आणा. पाकळ्या खालूनसुद्धा दिसतात."

वेनिंगने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता होडी आठवेल. ती म्हणाली, "हं, काचेचं छान दिसेल."

त्या दिवशी मी काळा पडलो नाही, एवढंच नवल.

मला वाचवलं ते नवऱ्याच्या आईने, बू एन्दांगने. फुलं बघायला आली, काचेची गोष्ट ऐकली आणि फणकारली, "आमच्या घरात काचेत पाय धुऊन कुणी सून आलेली नाही! काच काय, उद्या कागदाच्या वाटीत धुवाल. पितळच पाहिजे." बाई तोंडाने कडक, पण मला तेव्हा साक्षात देवता वाटली. बू सुकेसीने मला चिंच लावून असं घासलं की मी थेट जुवानाच्या उन्हात गेलो.

लग्नाचा दिवस आला. मांडवाच्या दाराशी मोगऱ्याची कमान, तिच्या पुढ्यात मी. माझ्यात गुलाब, मोगरा, चाफा. पुन्हा तीच मंडळी, माझ्याच डोक्यावर बसलेली. असो. नवरीला सजवणारी बू डार्मी पायाशी सगळं मांडत होती. एक अंडं पानावर समोर ठेवलं, आणि दुसरं मागे, फुलांच्या कुंड्यांआड. हे जादाचं अंडं ती नेहमी ठेवते, पहिलं गडगडत गेलं तर हाताशी असावं म्हणून. बाहेरच्यांना त्याचा पत्ता नसतो.

नवरा मुलगा, डानांग, आला. कपाळाला घाम. उजवा पाय उचलला, आणि फट्! स्वच्छ फुटलं. मांडव गप्प झाला.

आणि समोर उभा राहणारा गिलांग त्या क्षणी कुठे होता? वर बघत होता! कमानीच्या कळ्यांवर ऊन पडलं होतं, त्याचा फोटो काढत होता. परत मोगराच!

फट् ऐकून तो दचकला, धावत आला आणि सवयीने ओरडला, "मास डानांग, एकदा परत!"

अरे देवा. सगळ्या मावश्या एकदम तुटून पडल्या.

"परत? लग्न आहे की नाटकाची तालीम?"

"दुसरं अंडं म्हणजे दुसरी बायको, कळतंय का तुला?"

"आधी स्वतःच्या बायकोला विचार जा, परत चालेल का!"

डानांगने पाय हवेतच धरून ठेवला, आता कुठे टेकवावा हे न कळून. वेनिंगने ओठ दाबून हसू आवरलं, आणि पाय धुवायला वाकली. गिलांगचा चेहरा लाल. एक क्षण गेला, दुसरा जाऊन चालणार नव्हता. तो खटाखट फोटो काढू लागला. आणि मी, अहो, मी काय करणार, मी चकाकत होतो! त्याला माझ्या पोटात तो स्वतःच दिसला. एक पाऊल मागे सरला. तरी दिसला. आणखी एक पाऊल.

पच्च.

जादाचं अंडं. त्याच्या बुटाखाली.

बघणारं कोण होतं? सगळ्यांच्या नजरा नवरीच्या हातांवर. गिलांगने टरफल कुंडीखाली सरकवलं, बूट चटईला पुसला आणि गप्प बसला. पण मागच्या रांगेतल्या बायकांचे कान तिखट. एक फट्, मग 'परत', मग एक पच्च. त्यांनी बेरीज केली. डानांगने दोन अंडी फोडली.

बेरीज दुसऱ्या दिवशी बू पार्तीच्या गाडीवर आली, तिथून बू एन्दांगच्या कानात. त्या बाईला मुलगा एकुलता एक. तिने वेनिंगला काही म्हटलं नाही, पण तिच्या हातचा चहा घेईना. बू डार्मीला विचारलं तर ती म्हणाली, जादाचं अंडं जागेवर नव्हतं खरं. मग काय! बू एन्दांग तरातरा दुकानात आली. "तो बोकोर अपशकुनी आहे. काढून टाक, सुकेसी, नाहीतर आमच्याकडून यापुढे एक कळीसुद्धा घेतली जाणार नाही."

ज्या बाईने मला हट्टाने मांडवात आणलं, तिनेच! आणि बू सुकेसीने डोळे पुसत मला वर्तमानपत्रात गुंडाळलं. मोगऱ्यावर मात्र कुणी बोट ठेवलं नाही. कमानीत कोण होतं? माझ्या डोक्यावर कोण होतं? पण नाही, राजाला कोण बोलणार.

मी कागदाच्या घडीतून बाहेर बघत एवढा विचार करतोय तोवर दुकानात पावलं वाजली. वेनिंग होती. पाठोपाठ बू एन्दांग, मी खरंच गेलो की नाही हे बघायला. आणि दाराशी गिलांग, फोटो घेऊन. फुलांचे दोनचार फोटो बू सुकेसीला दुकानात लावायला हवे होते. अर्थातच फुलांचे.

वेनिंगने एकेक फोटो बघितला. मग हळूच म्हणाली, "यात बोकोर कुठेच नाही का हो? लहानपणी मी त्यात बसायचे. एक तरी आठवण असावी, आता जातोच आहे तर."

आठवलं! पोरीला होडी आठवली!

गिलांग घुटमळला. "एक आहे. पण बिघडलेला. मी स्वतः दिसतोय त्यात. पुसूनच टाकणार होतो..."

"दाखवा."

"नको, म्बाक, काही मजा नाही त्यात."

"मास गिलांग, दाखवा म्हणते ना."

कॅमेऱ्याच्या पडद्यावर तिने तो बोटाने मोठा केला. आणखी मोठा केला. मग कॅमेरा तसाच सासूपुढे धरला. "आई, हे बघा."

कोपऱ्यात मी होतो, अख्खा. आणि माझ्या पोटात, वाकडातिकडा पण ओळखू येईल असा, गिलांग. एक पाय उचललेला, आणि बुटाच्या तळाला पिवळाधम्मक बलक लोंबतोय.

मग बू एन्दांग म्हणाली, "हा बूट माझ्या डानांगचा नाही."

"नाही," गिलांग पुटपुटला. "त्याचे पाय तेव्हा उघडे होते. हा माझाच. लाज वाटली हो, बू. म्हटलं, आपोआप विसरतील लोक."

"विसरतील? या गल्लीत?" बू सुकेसी ओरडली. "समोर भाताची गाडी दिसत नाही तुला?"

आणि बू एन्दांग हसायला लागली. पोट धरून हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "म्हणजे दुसरी बायको याला मिळणार! अरे, पहिली आहे का तुला?"

"अजून नाही, बू."

"मग आधी पहिली तरी कर! कळी चोर एखादी!" मग तिने वेनिंगला म्हटलं, "ये गं, घरी चल. चहा टाक. माझ्यासाठी पण."

जाता जाता तिने खालच्या फळीकडे बघितलं, आणि स्वतःच वाकून कागद सोडला. "तरी पण सुकेसी, खरं सांगू का? फुटलं ते याच्यामुळेच. हा चकाकला नसता तर हा पोरगा मागे गेला नसता."

तेही काही खोटं नाही. बू पार्ती एवढ्यापुरती बरोबर होती.

आता मी गल्ल्याशेजारी असतो. माझा तो फोटो वर भिंतीला लावलाय, आयुष्यातला पहिला आणि एकुलता एक. लग्न ठरलेली मुलगी आली की बू सुकेसी तो दाखवते. सगळ्याजणी वाकून बघतात, खिदळतात. मला? छे! माझ्या पोटातल्या त्याला.

म्हणून म्हणतो, बायांनो, लग्न ठरवाल तेव्हा फुलवाल्यांना विचारा, कळी कधी तोडली, नकली तर नाही ना. फोटोवाल्याला विचारा, स्वतः येणार का, आणि अंडं फुटताना कुठे बघत असशील. नुसतं कुठे उभा राहशील एवढंच नको. आणि सगळं विचारून झालं की जरा खाली वाका, आणि मलाही एक विचारा. काहीही चालेल. 'काय रे, बरा आहेस ना?' एवढं पुरे.

समोर बू पार्ती परत कुणाला तरी सांगते आहे, "डानांग नव्हे गं, तो फोटोवाला! दोन बायका करणार आहे म्हणे..."